तळातला फोटो

मशीन विकायला आलेल्या माणसाला आमचे सर पहिला प्रश्न एकच विचारायचे. ‘‘तुमचं मोडतं कवा?’’

समोरचा माणूस हैदराबादहून नाहीतर पुण्याहून आलेला असायचा. गळ्यात टाय, बगलेत लॅपटॉप आणि हिंगोलीच्या उन्हाने पाठीला चिकटलेला शर्ट. आपलं मशीन किती वेगाने लिहितं, किती वेगाने वाचतं, याच्या रंगीत पट्ट्या त्याने तयार करून आणलेल्या असायच्या. मोडण्याचा प्रश्न आधीच आला की बिचारा गडबडून जायचा. एकाने तर छाती पुढे काढून सांगितलं, ‘‘सर, आमची सिस्टिम मोडतच नाही.’’ सरांनी त्याला चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली, जेवून जायचा आग्रह केला आणि स्वतः बाहेर येऊन त्याला डेपोच्या ऑटोत बसवून दिलं. त्याच्या कंपनीचं नाव आमच्या ऑफिसात पुन्हा निघालं नाही.

मी म्हटलं, ‘‘सर, निदान त्याच्या पट्ट्या तरी बघायच्या होत्या.’’

‘‘न मोडनारी वस्तू मी आजवर पाह्यली न्हाई, मॅडम. जी पाह्यलीच न्हाई ती तपासू कशी?’’

याला शहाणपण म्हणायचं की तऱ्हेवाईकपणा, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही कळलेलं नाही. सरांबद्दल कोणी विचारलं की मी सांगायला सुरुवात करते जोरात, आणि मध्येच माझं मलाच वाटायला लागतं की आपण भलत्याच माणसाबद्दल बोलतोय.

आमचं काम फोटोंचं. हळद, सोयाबीन, कापूस यांच्या पानांचे फोटो. काही ड्रोनने काढलेले, बरेचसे शेतकऱ्यांनी आपल्या मोबाइलवरून पाठवलेले. त्या फोटोंवरून कॉम्प्युटरला पानावरचा रोग ओळखायला शिकवायचं. ऑफिस हिंगोलीत, हळदीच्या मार्केटजवळच्या एका जुन्या गोदामात होतं, आणि मालक मंडळी पुण्यात. फोटो इतके जमले की आधीचं कपाट भरून गेलं. मग ठरलं की अशी यंत्रणा घ्यायची, जी भरत आली की शेजारी आणखी एक पेटी लावायची, तीही भरली की आणखी एक, आणि सगळ्या पेट्यांनी मिळून एकाच कपाटासारखं वागायचं. एकेका फोटोचे तुकडे चार पेट्यांत राहतात. एखादी पेटी बंद पडली तरी बाकीच्या मिळून फोटो पुन्हा उभा करतात. कागदावर हे सगळं फार सुरेख दिसतं.

पण गोदामात हळदीची धूळ होती. हंगामात मार्केटमध्ये पोती उलटी व्हायला लागली की आमच्या एसीच्या जाळ्या पिवळ्या पडायच्या, सर्व्हरचे पंखे पिवळे पडायचे. लाइट कधी जाईल ते सांगता येत नसे. पुण्याच्या मोठ्या साहेबांनी स्पष्टच सांगून ठेवलं होतं, की हिंगोलीच्या धुळीत आणि लाइटीत टिकेल असं स्टोरेज दिवाळीच्या आत शोधून दाखवा, नाहीतर सगळं काम पुण्याला हलवू. तपासणी सरांकडे आणि त्यांच्या हाताखाली माझ्याकडे.

आता हे काम पुण्याला गेलं असतं तर माझं काय झालं असतं, ते सांगते. माझं माहेर साखऱ्याचं. लग्नानंतर काही वर्षं पुण्यात नोकरी केली. नवरा शिक्षक, त्याची शाळा इकडची, जिल्हा परिषदेची. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा पुणं सोडून आले. शिकलेलं काम हिंगोलीत मिळेल अशी आशा नव्हती, आणि ते मिळालं. ते गेलं असतं तर मी घरी बसले असते. घरच्यांनी वाईट वागवलं नसतं, पण मी आतून संपले असते. त्यामुळे सरांनी मशीनवर हात ठेवला तरी माझा जीव खालीवर व्हायचा.

आणि ते खरंच हात ठेवायचे. चप्पल दाराबाहेर काढून आत यायचे, पेटीच्या मागे जायचे आणि तापलेल्या हवेत तळहात धरून उभे राहायचे. उंच, किडकिडीत देह, पन्नाशी उलटलेली, पांढरा शर्ट, आणि त्या शर्टाचा खिसा कायम पिवळा. खिशात हळकुंडं असायची. विचार करताना एक काढायचे आणि कट्‌कन मोडून आतला रंग बघायचे. मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनिअर बोलत असताना मध्येच कट्‌ असा आवाज आला की ते दचकायचे. लग्न केलेलं नव्हतं. स्टेशनकडे एका जुन्या घरात थोरल्या विधवा बहिणीबरोबर राहायचे. तिला सगळे अक्का म्हणत. दुपारी जेवायला घरी. मिटिंगमध्ये कोणीही असो, जेवणाची वेळ झाली की सर उठायचे. ‘‘अक्का थांबली असंल,’’ एवढं म्हणायचे आणि जायचे.

माणसांना ते गावावरून हाक मारत. मी ‘साखरेवाले मॅडम’. आमचा ऑपरेटर जवळा बाजारचा, म्हणून ‘जवळेवाले’. तो आधी एका कापसाच्या जिनिंगमध्ये इलेक्ट्रिशियन होता, चाळिशीचा, शांत माणूस. पुण्याच्या साहेबांना मात्र ते साहेबच म्हणत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, ‘‘त्यायचं गाव कोनतं ते त्यायलाच ठाव न्हाई.’’

तरुणपणी सरांनी हैदराबादला पुष्कळ वर्षं अशाच मशिनींवर काढली होती. तिकडून परत का आले, हे कोणालाच माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणत, ‘‘तिथं तकलीफ काईच नव्हती.’’ तकलीफ नव्हती म्हणून परत आले, की तकलीफ नसूनही आले? पुढे विचारायची सोय नसे, कारण तोवर हळकुंड मोडलेलं असे.

तपासणीला शेवटी दोन यंत्रणा उरल्या. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या पेट्या काही महिने वापरून बघायला दिल्या होत्या. एकीच्या पेट्यांचं तोंड काळं, दुसरीचं निळं. सर त्यांना ‘काळं’ आणि ‘निळं’ एवढंच म्हणत. काळं भलतंच चपळ होतं. निळं सुस्त, आणि वर कुरकुरं. जरा काही झालं की लाल दिवा लावायचं आणि आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज पाठवायचं. मला काळं आवडलं होतं. कोणालाही आवडलं असतं.

कंपन्यांची माणसं चाचणी घ्यायची ती एकच मोठी फाईल घेऊन, आणि तिच्यावर वेग काढून दाखवायची. सरांना ते मंजूर नव्हतं. ‘‘आपल्या पोत्यात जे हाय ते घाला,’’ म्हणायचे. आपल्या पोत्यात होते बारीक बारीक फोटोंचे ढीग, त्यात हललेले, अंधारे, उलटे, एकाच पानाचे सात. मी म्हटलं, निदान चांगले निवडून घालू. तर म्हणाले, ‘‘काहून? शेतकरी काय निवडून पाठवनार हाय?’’

आणि त्यांचा तो तळातला फोटो. हळद घेणारा व्यापारी पोत्याच्या वरचा माल बघत नाही, कोपरापर्यंत हात घालून तळातलं हळकुंड काढतो आणि मोडतो. सर मशीनला तसंच करायचे. नवे फोटो धो धो येत असताना, मशीनला मान वर करायला फुरसत नसताना, ते माझ्या मागे येऊन उभे राहायचे. ‘‘मॅडम, आता तळातला काढा.’’ तळातला म्हणजे अगदी पहिल्या हंगामातला, आमच्याकडे आलेला पहिला फोटो. कुठल्याशा शेतकऱ्याने हळदीच्या पानाचा काढलेला, पण अर्ध्या पानावर त्याचाच अंगठा आलेला. भेगाळलेला, नखात माती असलेला अंगठा. दर दिवशी दोन-तीनदा तरी तो अंगठा मला बघावा लागे. स्वप्नातही यायला लागला. मी वैतागून म्हटलं, ‘‘सर, दुसरा एखादा जुना काढू या की. हा कामाचासुद्धा नाही.’’

‘‘कामाचा न्हाई म्हनूनच. ज्याच्याकडं कोनी पाहत न्हाई ते कसं ठेवून राहिलं, ते पाहू.’’

काळं तो अंगठा क्षणात दाखवायचं. निळं थोडं थांबून. सर दोघांनाही म्हणायचे, ‘‘बराबर.’’ नंतर मला कळेना की त्यांना नक्की काय हवंय. तक्ता मी भरत होते, आणि वेग, नवी पेटी चालू कामात जोडून घेणं, एक पेटी बंद पडली तर सावरायला लागणारा वेळ, अशा प्रत्येक रकान्यात काळं पुढे होतं.

पावसाळा संपता संपता आमच्या अकाउंटंटने मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘मॅडम, तुमाला म्हनून सांगतो. काम पुण्याला गेलं तर सरांना तिथं मोठी पोस्ट हाय. फ्लॅटबी देनार हायेत.’’

ज्याच्या हातात तपासणी, त्यालाच हिंगोली नापास होण्यात फायदा. मी सरळ जाऊन विचारलं, मला आडून विचारता येत नाही.

‘‘सर, तुम्हाला पुण्याला बोलावलंय म्हणे?’’

‘‘बोलावलंय.’’

‘‘मग तुम्ही काय सांगितलं?’’

‘‘काई न्हाई. तिथलं पानी मला पचत न्हाई.’’ आणि मग, ‘‘तळातला काढा.’’

पाण्याचं खरं होतं. एकदा ट्रेनिंगला पाठवलं होतं तर मुक्काम न करता परत आले होते. परभणीलासुद्धा झोपत नसत ते. मी जरा निश्चिंत झाले. आणि दोनच दिवसांनी काळ्या पेट्यांच्या पुण्याच्या इंजिनिअरला ते विचारत होते, ‘‘तुमच्या पुण्यात भाकरीला टाळकी ज्वारी कुठं भेटते?’’ माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. जायचं नाही तर ज्वारी कशाला हवी? आणि जायचं असेल तर मग आमचं काय?

खंडेनवमीच्या दिवशी सर रजेवर होते. त्यांनी रजा घेतलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

मी घरची पूजा आटपून उशिरा निघाले. रस्त्यातच मोबाइल वाजायला लागला. निळ्याचे मेसेज, एकामागून एक. पोचले तर मशीनच्या खोलीत उदबत्तीचा वास, दाराशी फुटलेला नारळ, आणि जवळेवाले ओल्या फडक्याने निळी पेटी पुसताहेत. पुसून झालेल्या पेट्यांच्या कपाळी हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल. निळ्याचे सगळे दिवे लाल, भोंगा चालू.

‘‘हे काय केलं तुमी?’’

‘‘खंडेनवमी हाय ना, मॅडम. जिनिंगात आमी हेच करत व्हतो. मशीन बंद करायची, पुसायची, पूजा करायची, चालू करायची. सगळ्या एकदम न्हाई बंद केल्या. एकेक करूनच केली.’’

त्यांचं काही चुकलं होतं असं म्हणायलाही तोंड नव्हतं. हत्यार बंद करून, पुसून, त्याला विसावा द्यायचा हीच त्या दिवसाची रीत. पण या पेट्यांचं जिनिंगसारखं नाही. एक बंद झाली की तिच्या वाट्याचं काम बाकीच्या सांभाळतात, आणि ती परत आली की मधल्या वेळात राहून गेलेलं तिला भरून घ्यावं लागतं. त्याला वेळ लागतो. ते भरून होण्याआधीच दुसरी बंद केली, मग तिसरी. आणि सणाचा दिवस असूनही शेतांतून फोटो येतच होते. आधी काळ्याची सगळी रांग झाली होती, मग निळ्याची. तिसऱ्या पेटीला निळ्याने हात टेकले. एकही नवा फोटो घेईना, जुना दाखवीना, नुसता भोंगा.

आणि काळं? काळं हिरवं. सगळे दिवे हिरवे, काम चालू, जणू काही झालंच नाही. मी काळ्यावरचं झेंडूचं फूल सारखं केलं आणि मनात म्हटलं, सुटलो. हिंगोलीत, आमच्या असल्या कारभारातही जे चालतं, त्याहून आणखी काय पुरावा हवा? काळ्याच्या इंजिनिअरला फोन केला तर तो हसायलाच लागला. निळ्याला मी भोंगा बंद करून तसंच सोडून दिलं.

दसऱ्यानंतर सर आले. सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. जवळेवाल्यांना विचारलं, ‘‘कुंकू पंख्यात गेलं न्हाई ना?’’ ते न्हाई म्हणाले. मग माझ्या मागे येऊन उभे राहिले.

‘‘निळ्यातला तळातला काढा.’’

निळं तोवर स्वतःशी कुढत कुढत सावरलं होतं. अंगठा आला. अर्धं पान, अर्धा अंगठा, नखात माती.

‘‘आता काळ्यातला.’’

काळ्यानेही दाखवला. क्षणात. अंगठा होता, पण पान नव्हतं. फोटोचा खालचा भाग होता तसा, आणि वर पान असायचं तिथे नुसता करडा पट्टा. मी पुन्हा काढला. तेच. मग आम्ही जुन्या कपाटातल्या मूळ प्रतींशी ताडून बघायला बसलो. बहुतेक फोटो ठीक होते, पण मध्येच एखादा अर्धा, एखादा दुसऱ्याच फोटोचा तुकडा चिकटलेला. आणि काळ्याचे दिवे त्या क्षणीसुद्धा हिरवे. आम्ही ताडून बघितलं नसतं तर त्याने जन्मात सांगितलं नसतं.

सरांनी हळकुंड काढलं, मोडलं, रंग बघितला. ‘‘निळं घेऊ,’’ म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता, पण मला भीती वाटली. आता हे पुण्याला कसं सांगायचं? पूजेसाठी मशीन बंद केल्या, हे कळलं की साहेब म्हणणार, बघा, म्हणूनच हिंगोली नको. मी सरांना म्हटलं, ‘‘लाइट गेली होती असं लिहू या. निकाल तोच येतो. निळं तरलं, काळं बुडालं.’’

‘‘लाइट गेली व्हती का?’’

‘‘नाही. पण कोणाला काय फरक पडतो?’’

‘‘पूजा झाली व्हती,’’ सर म्हणाले. ‘‘पूजा म्हनूनच सांगायचं.’’

‘‘सर, यात माझी नोकरी जाईल. जवळेवाल्यांची जाईल. तुमचं काय, तुमची सोय झालेली आहे तिकडे.’’

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं आता काहीतरी बोलतील. पण जेवणाची वेळ झाली होती. ‘‘अक्का थांबली असंल,’’ म्हणाले आणि चपला घालून गेले. मी खुर्चीत बसून रडले, रागाने.

जवळेवाल्यांना मी त्याच दुपारी विचारलं, ‘‘तुमाला पूजा करायला कोणी सांगितलं?’’

‘‘कोनी न्हाई. सरांनी आठ-पंधरा दिवसांमागं इचारलं व्हतं, जिनिंगात खंडेनवमीला तुमी काय करत व्हते म्हनून. मी सगळं सांगितलं. ते म्हनले, बराबर.’’

‘‘म्हणजे करा म्हणाले?’’

‘‘बराबर म्हनले.’’

बराबर तर ते सगळ्यालाच म्हणायचे. मग रजा का घेतली? की खरंच अक्काबरोबर घरची पूजा करायची होती? यावर मी किती विचार केला असेल. त्यांनीच घडवून आणलं म्हणावं तर इतका मोठा धोका कोण घेतं? आणि नाही म्हणावं, तर मशीनमध्ये बोटभर वायर हलली तरी ज्यांना कळायचं, त्यांना त्या दिवशी काय होणार हे कळलं नसेल?

मोठे साहेब मिटिंगला स्वतः हिंगोलीला आले. सज्जन माणूस, पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लांबत गेला.

‘‘म्हणजे तुमच्या माणसाने कोणालाही न विचारता चालू सिस्टिम बंद केली. फुलं वाहायला.’’

‘‘व्हय.’’

‘‘पुण्यात असं होणार नाही.’’

‘‘न्हाई व्हनार,’’ सर म्हणाले. ‘‘पुन्यात दुसरं काई व्हईल. कोनी झाडताना वायर काढंल, कोनी सुट्टीवर जाताना एसी बंद करंल. साहेब, मॅडमनं आन मी चार म्हैने तपासलं, पन आमी जपून तपासलं. आमाला ठाव व्हतं कुठं हात लावायचा न्हाई. जवळेवाल्यांनी न जपता तपासलं. आन खंडेनवमी दर साली येनार. त्या दिवशी टिकंल ते घ्यावं.’’

‘‘टिकलं तर काळं होतं. निळं बंद पडलं.’’

‘‘निळं बसलं, आन वरडलं. काळं चालत राह्यलं, आन खोटं बोललं.’’

साहेबांनी अंगठ्याचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बघितले. मग विचारलं, ‘‘मला एकच सांगा. डेटा हिंगोलीत ठेवू की पुण्यात?’’

कट्‌. ‘‘दोनीकडं,’’ सर म्हणाले. ‘‘काम हितं. एक प्रत तिथं. येका गावावर कवाच भरवसा ठेवू नये, मंग गाव कोनतंबी असो.’’

माझा जीव भांड्यात पडतो आहे तोच साहेबांनी अट घातली. निळं घ्यायचं, काम हिंगोलीत राहू द्यायचं, दुसरी प्रत पुण्यात ठेवायची, सगळं मान्य. पण त्या प्रतीजवळ निळं ओळखणारा माणूस हवा, आणि नवीन माणूस घ्यायला मंजुरी नाही. ‘‘तुमच्यातला एक जण द्या. ते जमणार नसेल तर मग मला सगळंच तिकडे न्यावं लागेल.’’

निळं ओळखणारे आम्ही तिघंच. जवळेवाल्यांची शेती आणि म्हातारे आईवडील जवळ्याला. माझं घर तुम्हाला सांगितलंच आहे. साहेबांची नजर माझ्यावर आली, कारण मी पुण्यात राहिलेली, पुण्याची भाषा बोलणारी. मी टेबलाकडे बघत राहिले.

‘‘मी जातो,’’ सर म्हणाले. आणि घड्याळाकडे बघून उठले, कारण जेवणाची वेळ झाली होती.

अक्कांनी पुण्याला यायला नकार दिला. म्हणाल्या, ‘‘मी हितंच बरी. मला तिथं कोन वळखतं?’’ सर एकटेच गेले, सोबत ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन. ते बसमध्ये चढताना मी म्हटलं, ‘‘सर, तुम्हाला पाणी पचत नाही तिथलं.’’ म्हणाले, ‘‘उकळून पिता येतं.’’ खिशातली हळकुंडं काढून माझ्या हातात दिली आणि मग त्यातलं एक परत घेतलं.

अकाउंटंट म्हणतो, पगार वाढला, फ्लॅट मिळाला, त्यायला जायचंच व्हतं, तुमी उगं मनाला लावून घेता. असेल. ज्वारीची चौकशी त्यांनी आधीच केली होती, हे मीच ऐकलंय. पण ती चौकशी स्वतःला हवं होतं म्हणून केली, की आमच्यातल्या कोणाला तरी जावं लागणार हे त्यांना तेव्हाच दिसलं होतं म्हणून? मी पुष्कळदा दोन्ही बाजूंनी हिशेब मांडते. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं.

आता खंडेनवमी आम्ही नीट करतो. जवळेवाले एक पेटी बंद करतात, पुसतात, हळदीकुंकू लावतात, चालू करतात, आणि ती हिरवी होईपर्यंत आम्ही दोघं खुर्च्या टाकून बसतो. मग दुसरी. सकाळी सुरू केलं की दुपार उलटते. यंदा शेवटची पेटी व्हायच्या आधीच पुण्याहून फोन आला.

‘‘झाली का पूजा?’’

‘‘एक राहिली, सर.’’

‘‘व्हऊ द्या. मी थांबतो. दोनीकडं येकदम बंद करायचं न्हाई.’’

म्हणजे जेवणाची वेळ टळली तरी आमचं होईपर्यंत ते तिथे उपाशी बसून होते. शेवटची हिरवी झाली, मी तसं सांगितलं. आणि इतकी वर्षं मनात होतं ते विचारून टाकलं. ‘‘सर, त्या साली पूजेचं तुम्हीच घडवून आणलं होतं ना?’’

पलीकडे कट्‌ असा आवाज आला. ‘‘मॅडम, तळातला काढून पाह्यला का?’’

‘‘पाहिला. पान आहे, अंगठा आहे.’’

‘‘बराबर. मंग ठिवतो. माजी पयली पेटी बंद करायची हाय. नारळातला माजा तुकडा अक्काला नेऊन द्या.’’

संध्याकाळी नेऊन दिला. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. आता नीट दिसत नाही त्यांना. तुकडा हातात घेऊन चाचपला आणि विचारलं, ‘‘त्याच्यापाशी पूजेला कोन असतं तिथं?’’

‘‘असतात की माणसं,’’ मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं.

अक्कांनी तुकडा मोडायचा प्रयत्न केला, मोडेना, तर माझ्याकडे दिला. मी दोन केले. एक त्यांनी तोंडात टाकला आणि दुसऱ्याला हात लावला नाही.

‘‘ह्यो तू खा,’’ म्हणाल्या. ‘‘त्यो गेला म्हनून तर तू हितं हायस.’’

यात राग होता की माया होती, मला कळलं नाही. मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले आणि तो तुकडा खाल्ला.